वजाबाकीचे संगीत

टेक्नो संगीताविषयी ते न ऐकणाऱ्यांचे एक ठाम मत असते. तेच तेच ठोके, तीच तीच सुरावट. ना ध्रुपद, ना अंतरा. आणि अर्धा तास ऐकूनही काही घडल्याचे जाणवत नाही. या मतात तथ्य नाही असे नव्हे. टेक्नोमध्ये पुनरावृत्ती असते, आणि 'मिनिमल टेक्नो' या त्याच्या शाखेत तर पुनरावृत्तीवाचून फारसे काही नसते. प्रश्न इतकाच, की पुनरावृत्ती हे कल्पनादारिद्र्य मानायचे की ऐकण्याची एक वेगळी रीत? एकल तबलावादनात सारंगीवर किंवा हार्मोनियमवर एकच लेहरा तासभर फिरत असतो. त्या लेहऱ्यात काही घडत नाही, अशी तक्रार आपल्याकडचा रसिक करीत नाही. लेहरा अचल असतो म्हणूनच तबल्यावरचा प्रत्येक बदल कानाला स्पष्ट कळतो, हे त्याला ठाऊक असते.

मिनिमल टेक्नो हे अशाच कानांचे संगीत आहे. या संगीताला आकार देणाऱ्यांत ज्याचे नाव सर्वांत आधी घ्यायला हवे, तो कलावंत म्हणजे अमेरिकेतील डेट्रॉइटचे डीजे आणि निर्माते रॉबर्ट हूड. टेक्नोच्या वर्तुळात त्यांना मान आहे. पण या वर्तुळाबाहेर 'मिनिमल' हा शब्द जितका पसरला, तितके त्यांचे नाव पसरले नाही. एखाद्या कलाप्रकाराला नाव आणि रूप देणारा माणूस त्याच कलाप्रकाराच्या लोकप्रियतेत मागे का पडावा, हे समजून घ्यायचे तर आधी त्याच्या शहराकडे पाहावे लागते.

मोटारींचे शहर, यंत्रांचे संगीत

डेट्रॉइट हे अमेरिकेच्या मोटारउद्योगाचे केंद्र. १९५० मध्ये या शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरात होती. पुढे कारखाने शहराबाहेर आणि राज्याबाहेर गेले, गोरा मध्यमवर्ग उपनगरांत निघून गेला, आणि १९९० पर्यंत लोकसंख्या सव्वादहा लाखांवर आली. २०२० च्या जनगणनेत ती सुमारे ६ लाख ३९ हजार भरली. त्याआधी, जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरीसाठी अर्ज केला होता. संगीताच्या बाबतीतही डेट्रॉइटने असेच एक स्थलांतर पाहिले. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये येथे स्थापन केलेली 'मोटाउन' ही विख्यात ध्वनिमुद्रण कंपनी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला गेली.

कारखाने आणि गाणी दोन्ही निघून गेल्यानंतरच्या या शहरात टेक्नोचा जन्म झाला. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे तीन कृष्णवर्णीय तरुण त्याचे आद्य प्रवर्तक मानले जातात. डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिल या गावी ते शाळेत एकत्र होते. 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या टोपणनावाचा एक रेडिओ निवेदक त्या काळी रात्रीच्या कार्यक्रमात जर्मनीच्या 'क्राफ्टवर्क'चे यांत्रिक संगीत आणि अमेरिकी फंक एकापाठोपाठ एक वाजवीत असे. या दोन्ही संस्कारांतून टेक्नो घडले. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या एका संकलनाच्या शीर्षकातून 'टेक्नो' हे नाव युरोपात रूढ झाले.

हे संगीत ज्या यंत्रांवर उभे राहिले ती मुळात या कामासाठी नव्हती. जपानच्या रोलँड कंपनीची ड्रम मशिन्स ही वादकाच्या जागी साथीला घ्यायची यंत्रे होती. त्यांचा आवाज खऱ्या ड्रमसारखा वाटत नाही म्हणून व्यावसायिक संगीतकारांनी ती बाजूला सारली, आणि वापरलेल्या वस्तूंच्या दुकानांत ती स्वस्तात मिळू लागली. १९८३ मध्ये आलेले 'टीआर-९०९' हे त्यांपैकीच एक. शिकागो आणि डेट्रॉइटच्या तरुणांनी त्याच्या कृत्रिमपणातच नवा आवाज शोधला.

याच कंपनीची यंत्रे तोवर मुंबईतही पोहोचली होती. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये 'टीआर-८०८' आणि 'टीबी-३०३' ही यंत्रे वापरून दहा रागांची एक तबकडी काढली. तिच्याकडे तेव्हा फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा शिकागोतील पुढच्या काळातील 'ॲसिड हाउस' संगीताशी असलेले तिचे विलक्षण साम्य जगाच्या ध्यानात आले. श्रेय उशिरा पोहोचण्याची कहाणी या संगीताच्या इतिहासात अनेक ठिकाणी आढळते.

मुखवट्याआडची चळवळ

रॉबर्ट हूड यांचा जन्म १९६५ चा, डेट्रॉइटचाच. टेक्नोच्या दुसऱ्या पिढीचे ते प्रतिनिधी. 'मॅड' माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या गटाचे ते सुरुवातीचे सदस्य होते. हा निव्वळ वाद्यवृंद नव्हता. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांना नकार देणे, तबकड्या स्वतः काढणे आणि विकणे, छायाचित्रे टाळणे, चेहरे झाकून वाजवणे अशी त्यांची कार्यपद्धती होती. संगीत ऐका, माणूस पाहू नका, असा त्यामागचा आग्रह. या गटात हूड यांच्याकडे पद होते ते 'माहितीमंत्र्या'चे.

नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली. पूर्व बर्लिनमधील ओसाड इमारतींत तरुणांनी नृत्यशाळा थाटल्या. मार्च १९९१ मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातील तिजोरीच्या दालनात 'ट्रेसॉर' हा क्लब सुरू झाला. जर्मन भाषेत 'ट्रेसॉर' म्हणजे तिजोरी. या क्लबने स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली आणि तिची पहिली तबकडी होती ती बँक्स, मिल्स व हूड यांनी 'एक्स-१०१' या नावाने केलेली. डेट्रॉइटमध्ये श्रोते मर्यादित होते. बर्लिनने या संगीताला घर दिले. पुढे जगाने टेक्नोचा पत्ता म्हणून बर्लिनचेच नाव ध्यानात ठेवावे, याची सुरुवातही येथेच झाली.

१९९२ मध्ये मिल्स आणि हूड त्या गटातून बाहेर पडले. मिल्स यांच्या 'ॲक्सिस' या नव्या संस्थेची पहिली तबकडी दोघांनी मिळून केली होती. त्यानंतर १९९४ हे वर्ष उजाडले आणि हूड यांनी आपला मार्ग निश्चित केला.

१९९४ चा निर्णय

त्या वेळी टेक्नो वेगाने बदलत होते. युरोपातील प्रचंड 'रेव्ह' मेळाव्यांसाठी संगीताची गती वाढत चालली होती. कर्कश सुरांचे थरावर थर चढत होते. प्रत्येक निर्माता आधीच्यापेक्षा मोठा धमाका करू पाहत होता. या साऱ्यात मूळ संगीतातील आत्मा हरवतो आहे, अशी हूड यांची भावना झाली. त्यांनी उलटी दिशा धरली. माणसाला नाचायला लावण्यासाठी जे अत्यावश्यक आहे तेवढेच ठेवायचे आणि बाकीचे काढून टाकायचे, ही भूमिका त्यांनी पुढे अनेकदा मांडली आहे.

या भूमिकेचे फलित म्हणजे १९९४ मध्ये 'ॲक्सिस'तर्फे निघालेले 'मिनिमल नेशन'. त्याच वर्षी 'ट्रेसॉर'ने त्यांचा 'इंटर्नल एम्पायर' हा अल्बम काढला, आणि त्याच वर्षी त्यांनी 'एम-प्लांट' ही स्वतःची संस्था सुरू केली. 'इंटर्नल एम्पायर'मधील एका रचनेचे नाव 'मायनस' असे आहे. हूड यांच्या संगीतविचाराला याहून नेमके नाव सापडणे कठीण.

कमी करायचे म्हणजे काय?

टेक्नोची घडण समजावून घेतली तर या वजाबाकीचे मोल कळते. मिनिटाला साधारण १२० ते १४० ठोके, चार ठोक्यांचे एक आवर्तन आणि प्रत्येक ठोक्यावर बास ड्रमचा आघात, हा या संगीताचा सांगाडा. मिनिटाला १३० ठोके धरले, तर सहा मिनिटांच्या रचनेत ७८० ठोके आणि १९५ आवर्तने होतात. लोकप्रिय नृत्यसंगीत या अवधीत उत्कंठा वाढवीत नेते, मध्येच ठोका थांबवते, आणि मग तो पुन्हा सुरू करून श्रोत्यांचा जल्लोष मिळवते. ज्या 'ट्रान्स' संगीताच्या एका शाखेमुळे गोव्याचे नाव जगभरच्या नृत्यशाळांत पोहोचले, त्यातही सुरांचे थर चढवीत नेण्यावर भर असतो.

हूड यांच्या रचनांत यांपैकी बहुतेक गोष्टींना फाटा दिलेला असतो. बास ड्रम, झांजेसारखा हाय-हॅट, बासची एखादी ओळ आणि सिंथेसायझरची दोन-चार स्वरांची एक छोटी आकृती. पुष्कळदा इतकेच साहित्य. मात्र ही आकृती नेमकी ठोक्यावर पडत नाही. ती ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे, तिरकी पडते. आपल्या परिभाषेत तिला आडी लय म्हणता येईल. शरीर ठोक्याबरोबर चालते, कान त्या तिरकेपणाचा माग काढतो, आणि या दोहोंतील ताणातून नाचण्याची ऊर्मी निर्माण होते.

या संगीतात सर्रास दिसणारी आणखी एक युक्ती गणिताची आहे. ही यंत्रे एका आवर्तनाचे सोळा समान भाग करतात. त्यावर तीन भागांची एखादी आकृती सतत फिरत ठेवली, तर ती प्रत्येक आवर्तनात वेगळ्या जागी पडते आणि तिसरे आवर्तन संपल्यावर पुन्हा मूळ जागी येते. आकृती तीच, ठोका तोच. तरी दर क्षणी त्यांचे नाते बदलत राहते. समेवर येण्याचा आनंद जाणणाऱ्या श्रोत्याला हा खेळ परका वाटू नये.

तिसरा बदल नादाच्या पोताचा. सिंथेसायझरमधील फिल्टर हा भाग आवाजातील वरच्या कंपनसंख्या गाळतो किंवा मोकळ्या करतो. निर्माता त्याची कळ दोन-तीन मिनिटांच्या अवधीत अगदी हळू फिरवतो. स्वर तेच राहतात, पण त्यांचा रंग मंद होतो किंवा उजळतो. तंबोऱ्याच्या तारेखालचा दोरा किंचित सरकवला की स्वर न बदलता जवारी उघडते, त्याच जातीचा हा अनुभव आहे. रचनेत फार काही भरलेले असते, तर हा सूक्ष्म बदल ऐकूच आला नसता. इतर गोष्टी वगळण्याचे प्रयोजन ते हेच.

डीजे नेमके काय करतो?

डीजे म्हणजे एकामागून एक गाणी लावणारा माणूस, ही समजूत आपल्याकडे लग्नसमारंभांमुळे पक्की झाली आहे. टेक्नोतील डीजेचे काम निराळे असते. त्याच्यासमोर दोन किंवा अधिक टर्नटेबल आणि मिक्सर असतो. एक तबकडी श्रोत्यांना ऐकू जात असताना दुसरी तो केवळ हेडफोनमधून ऐकतो, तिची गती किंचित कमी-जास्त करून दोन्हींचे ठोके जुळवतो आणि मग ती हळूच पहिलीत मिसळतो. दोन्ही तबकड्या काही मिनिटे एकत्र वाजतात, आणि त्या अवधीत जे ऐकू येते ते कोणत्याही एका तबकडीवर नसते.

मिनिमल टेक्नोची रचना येथे उपयोगी पडते. भरगच्च अशा दोन रचना एकत्र वाजवल्या तर गोंगाट होतो. मोकळ्या जागा राखलेल्या दोन रचना एकमेकींत बसतात. म्हणजे हूड यांच्यासारख्याची तबकडी मुद्दाम थोडी अपुरी ठेवलेली असते, आणि ती पूर्ण होते डीजेच्या हातून, नृत्यशाळेत. मिनिटाला ३३ १/३ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांत होते. त्या फेरीत चार ठोके बसवले तर गती मिनिटाला सुमारे १३३ ठोके, म्हणजे नेमकी टेक्नोची होते. म्हणून काही तबकड्यांवर सुई पुढे न सरकता एकाच वर्तुळात फिरत राहील अशी बंदिस्त चाकोरी कोरलेली असते. जेफ मिल्स यांनी १९९४ मध्येच अशा चाकोऱ्यांची तबकडी काढली होती. एकच आवर्तन अखंड, डीजे थांबवीपर्यंत.

डीजे म्हणून हूड यांची शैली त्यांच्या रचनांसारखीच काटकसरीची आहे. लंडनच्या 'फॅब्रिक' क्लबने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला मालिकेतील ३९ वा संच त्यांचा आहे. २०१८ मध्ये 'डीजे-किक्स' या नामांकित मालिकेसाठीही त्यांनी संच केला. या शैलीची ओळख करून घेण्यासाठी हे दोन्ही संच सोयीचे आहेत.

दोन वाटा

'मिनिमल' म्हटले की पाश्चात्त्य समीक्षक अनेकदा न्यूयॉर्कच्या सभागृहांतील 'मिनिमलिस्ट' संगीताचा दाखला देतात. ला मॉन्टे यंग, टेरी रायली, स्टीव्ह राइक आणि फिलिप ग्लास ही त्यातील ठळक नावे. या मंडळींचे आपल्या संगीताशी जवळचे नाते आहे. यंग आणि रायली हे १९७० मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. प्राणनाथ यांचे गुरू उस्ताद अब्दुल वहीद खाँ म्हणजे मिरजेत स्थायिक झालेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे बंधुवर्गातील नातलग. अतिविलंबित लयीत एकेका स्वरावर दीर्घकाळ रेंगाळण्याची त्यांची गायकी प्रसिद्धच आहे. राइक यांनी आफ्रिकेत, घाना येथे जाऊन ड्रमवादनाचे धडे घेतले होते. म्हणजे पाश्चात्त्य सभागृहांतील मिनिमलिझमही पूर्वेकडून आणि आफ्रिकेतून बरेच काही घेऊनच उभा राहिला.

परंतु हूड यांचे संगीत या सभागृहांतून आले असे मानणे म्हणजे त्यांचा खरा पत्ता पुसणे होय. त्यांची वाट मोटाउन, फंक, चर्चमधील भक्तिगीते आणि डेट्रॉइटच्या रस्त्यांवरून आली आहे. सभागृहातील मिनिमलिझम श्रोत्याला खुर्चीत बसवतो. हूड यांचा मिनिमलिझम त्याला उभे करतो. त्यांच्या रचनांतील काटकसरही निव्वळ सौंदर्यविचारातून आलेली दिसत नाही. ज्या शहरातून एकेक गोष्ट निघून जाताना लोकांनी पाहिली, तेथील कलावंताने उरलेल्यातून काय उभे राहते, याचा शोध घ्यावा, हे स्वाभाविक होते. २०१२ चा 'मोटर' हा त्यांचा अल्बम तर थेट या शहराच्या पडझडीवर आहे. ज्युलियन टेम्पल यांच्या डेट्रॉइटवरील माहितीपटातून त्याची प्रेरणा त्यांना मिळाली.

शब्द पसरला, नाव राहिले

मग श्रेय कुठे हरवले? एकट्या हूड यांनीच हे केले असा दावा नाही. डॅनियल बेल यांची 'लूझिंग कंट्रोल' ही रचना १९९४ ची. डेट्रॉइट नदीपलीकडच्या कॅनडातील विंडसर येथे वाढलेले रिची हॉटिन 'प्लॅस्टिकमॅन' या नावाने १९९३ पासून याच दिशेने जात होते. बर्लिनच्या 'बेसिक चॅनल'ची वाटही समांतर होती. मात्र २००० नंतरच्या दशकात युरोपच्या क्लबांत 'मिनिमल' हा शब्द फॅशन झाला, तेव्हा त्याचा अर्थच बदलला. संगणकावर घडवलेले टिकटिक, खुटखुट असे बारीक आवाज, स्वच्छ आणि थंड नाद, असे त्याचे रूप रूढ झाले. त्या प्रवाहातही गुणी कलावंत होते. पण मूळच्या मिनिमल टेक्नोतील घामाचा, फंकचा आणि चर्चचा अंश बराचसा गळून गेला, आणि त्याबरोबर हूड यांचे नावही मागे पडले.

स्वभावाचाही यात वाटा आहे. चेहरे झाकणाऱ्या चळवळीत घडलेला हा कलावंत प्रसिद्धीच्या मागे कधी लागला नाही. टेक्नोच्या राजधानीत घर करण्याऐवजी ते कुटुंबासह अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्याच्या ग्रामीण भागात राहायला गेले आणि तेथे रीतसर दीक्षा घेऊन ख्रिस्ती धर्मोपदेशकही झाले. 'फ्लोअरप्लॅन' या नावाने ते जे संगीत करतात, त्यात टेक्नोचा ठोका आणि चर्चमधील भक्तिगीत एकत्र येतात. २०१३ च्या 'पॅराडाइज' या अल्बममधील 'नेव्हर ग्रो ओल्ड' या रचनेत डेट्रॉइटमध्येच वाढलेल्या ॲरिथा फ्रँकलिन यांचा आवाज आहे. पुढे हूड यांची कन्या लिरिक याही 'फ्लोअरप्लॅन'मध्ये सामील झाल्या. शनिवारी रात्री क्लबमध्ये आणि रविवारी चर्चमध्ये, हा विरोधाभास बाहेरच्यांना चकित करतो. पुनरावृत्तीतून समूहाची एकतानता साधणे हे दोन्हीकडचे समान सूत्र लक्षात घेतले, तर त्यात विसंगती उरत नाही.

मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीचा समावेश आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत केला. हा सन्मान योग्यच आहे. बर्लिनने हे संगीत जपले, वाढवले. पण वारशाची नोंद करताना तो कोठून आला, हेही नोंदवले जावे, ही डेट्रॉइटच्या कलावंतांची अपेक्षा रास्त आहे. २००० पासून मे महिन्यात नदीकाठच्या हार्ट प्लाझामध्ये भरत आलेला टेक्नो महोत्सव हा त्या शहराने आपले श्रेय जाहीरपणे सांगण्याचाच एक प्रकार म्हणावा लागेल.

नव्या श्रोत्याने सुरुवात 'मिनिमल नेशन'पासून करावी. मोबाइलच्या लहान स्पीकरवर बास ऐकू येत नाही आणि या संगीताचा निम्मा जीव बासमध्ये असतो. तेव्हा बऱ्या प्रतीचे हेडफोन घ्यावेत. सुरुवातीला केवळ हाय-हॅटकडे लक्ष द्यावे, मग बासकडे, मग सिंथेसायझरच्या त्या तिरक्या आकृतीकडे. पाचव्या-सहाव्या मिनिटाला, जे 'तेच तेच' वाटत होते ते तसे नव्हते, हे ध्यानात येऊ लागते. हूड यांनी १९९४ मध्ये संगीतातून काढून टाकलेल्या गोष्टींची जागा श्रोत्याच्या लक्षाने भरून निघावी, एवढीच या संगीताची अपेक्षा आहे.